आत्याबाई आणि केस घालवणारा उजेड

आमच्या ह्यांच्या आत्याबाईंचा या जगातल्या एकाही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास बसलेला नाही. माणसांचं सोडाच, पंचांगात अमावस्या लिहिलेली असली तरी त्या गच्चीवर जाऊन चंद्र खरंच नाही ना, हे बघून येतात. दूधवाल्याच्या दुधाचा थेंब आधी नखावर घेतात, मग तेच दूध मांजरीपुढे ठेवतात, आणि मांजरीनं ते चाटून पुसून संपवलं तर म्हणतात, "भुकेली आसंल." डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्या मेडिकलवाल्याला विचारून खात्री करतात, मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी पुन्हा डॉक्टरांना नेऊन दाखवतात, आणि दोघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं की त्यांचा संशय पक्का होतो. "दोघं मिळालेले हायेत," असं त्या मला हळूच सांगतात. लग्नाच्या पंगतीत बसल्या की वाढप्याला पहिला प्रश्न, "तू जेवला का रे?" तो "नाही अजून" म्हणाला की झालं, आत्याबाई ताक-भातावर उठतात.

मला बघायला आलेल्या मंडळींत त्याही होत्या. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि आत्याबाई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. पुढच्याच क्षणी माझी वेणी कुणीतरी अशी ओढली की मी जागच्या जागी मागे झाले. गंगावन लावलंय का, हे त्या बघत होत्या. वेणी अर्थातच माझी होती. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "लईच पक्की बसवली हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या शंकेचं पूर्ण निरसन झालंय असं मला अजून वाटत नाही.

हे सगळं शिक्षण पाचोडच्या आठवडी बाजारातलं. माहेर पाचोडचं, सासर पिशोरचं, पण नवरा लवकर गेला म्हणून त्या परत भावाकडे पाचोडला आल्या आणि घरचा सगळा बाजार त्यांच्याकडे लागला. तराजूचं पारडं उलटं करून बुडाला चिंच चिकटवलीय का, ते बघितल्याशिवाय त्या पाव किलो मिरचीसुद्धा घ्यायच्या नाहीत. माळवं विकणारे त्यांना लांबून येताना पाहिलं की पारडी आपणहून पुसून ठेवायचे, असं ह्यांनी मला सांगितलंय. चिकलठाण्याला आमचं घर झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची पारडीही स्वच्छ असतात.

आता मुद्द्यावर येते. माझी लेक सायली फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली. ही मुलगी शिकवण्यासाठीच जन्माला आली आहे असं मी म्हणते, आणि आई असले तरी खोटं म्हणत नाही. शेजारच्या मुलांना ताटातल्या वाटाण्यांनी अणूची रचना समजावून सांगायची, आणि ती मुलं वाटाणे न खाता ऐकत बसायची. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं केस यायला लागले. पीसीओडी निघालं. दर चार-आठ दिवसांनी पार्लरमध्ये जाऊन दोऱ्यानं काढायचे, पुन्हा यायचे, आणि काढून काढून तिथली कातडी काळवंडत गेली. आमच्या शहरात स्कूटीवरची झाडून सगळी पोरं-पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात, धूळच तशी आहे, त्यामुळे बाहेर कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं ते ती घरात आल्यावरही स्कार्फ सोडेना तेव्हा. एका ज्युनियर कॉलेजनं तिला तास घेऊन दाखवायला बोलावलं होतं. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. "पहिल्या बाकावरून मुलांना फळा नाही दिसणार आई, माझी हनुवटी दिसेल," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. कॉलेजवाले भले, नवं वर्ष सुरू होताना पुन्हा या म्हणाले. तेवढ्या मुदतीत काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर ही मुलगी आयुष्यभर खोलीत बसून कुणाच्या तरी नोट्स टाइप करत राहील, या विचारानं माझा जीव तुटायचा.

उजेडाच्या झोतानं केस घालवतात, एवढं आम्हाला कळलं होतं. पण घरी मशीन आणून करायचं की दवाखान्यात जाऊन, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी घर बांधतानाही झाली नव्हती. चारचौघांत जाण्यापेक्षा घरचं बरं, म्हणून मी मशीन मागवलं. खोकं आलं आणि नेमकं आत्याबाईंच्या हाती पडलं.

"उजेडानं केस जात्यात?" त्यांनी मशीन उलटंपालटं करून विचारलं. "आख्खं पाचोड जल्मभर उन्हात उभं हाय. एकाची तरी मिशी गेली का?"

सायलीनं समजावलं की केसाचा काळा रंग उजेड शोषतो, तापतो आणि त्यानं मूळ भाजतं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून नारळ आणला. मशीन कातडीला टेकल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे नारळाच्या शेंडीवर ते ढिम्म. "नारळावर चालंना, ते माणसावर काय चालंल?" मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. आमचे हे कारखान्यात आहेत, त्यांचा वेल्डिंगचा काळा चष्मा लावून आत्याबाई दर आठवड्याला पाटावर बसायच्या आणि हातावर झोत मारून घ्यायच्या. केस जागच्या जागी. सायली म्हणाली, "आजी, तुमचे केस पांढरे झालेत, पांढऱ्यावर हे चालतच नाही." पुस्तिका वाचून तिनं असंही सांगितलं की फार सावळ्या कातडीवरही चालत नाही.

"पांढऱ्यावर चालत नाय, सावळ्यावर चालत नाय," आत्याबाई म्हणाल्या, "मग चालतं कुणावर? दुकानदारावर?"

हसू आलं खरं, पण सायली सावळी आहे. आणि जिथे केस, तिथली कातडी तर जास्तच काळवंडलेली. तिनं मशीन जबड्याला टेकवलं की लाल दिवा लुकलुकायचा आणि झोत काही पडायचा नाही. मला वाटलं, थोडी पावडर लावून पाहावी, मशीनला रंग गोरा वाटेल. मी पावडरचा डबा उघडला तसा आत्याबाईंनी माझा हात धरला. "मशीनला फशिवशील बाई, कातडीला कशी फशिवशील? भाजली म्हंजी?" मग त्यांनी मशीनकडे प्रथमच थोड्या आदरानं पाहिलं आणि म्हणाल्या, "नाय म्हणायची अक्कल तरी हाय ह्याला." मशीन परत गेलं.

मग मी एका झगमगीत क्लिनिकमध्ये चौकशी केली. काचेचे दरवाजे, आत गार हवा, आणि समोर हसतमुख मुलगी. ती म्हणाली, "पहिला सल्ला एकदम फ्री आहे." आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. "फुकट कामून?" मुलगी हसत राहिली. केस कायमचे जातील, शंभर टक्के गॅरंटी, शिवाय सणाची सूट. आत्याबाईंनी विचारलं, उजेड कोण मारतं? ट्रेन्ड स्टाफ. डॉक्टर कुठं हायेत? ते पुण्याहून येतात. कधी? येतात अधूनमधून. "तू करून घेतलं का?" आत्याबाईंनी तिच्या हाताकडे बघत विचारलं. ती म्हणाली, "मला ना, ॲलर्जी आहे." आत्याबाई उठल्या. आलेल्या कॉफीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हलवाई सोताच्या दुकानातला पेढा खाईना, आन् आपण घ्यावा व्हय?"

शेवटी सिडकोतल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचं नाव कळलं. साधा दवाखाना, लाकडी बाकं. जायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाहुण्याकडे जाण्यासारखं. अंगात ताप असला तरी लेकराचं तोंड धुऊन, भांग पाडून, धुतलेले कपडे घालून न्यायचं, नाहीतर डॉक्टर आईला काय म्हणतील? त्या रीतीला धरून आत्याबाई म्हणाल्या, "अशी नेती का तिला डॉक्टरपुढं? जरा साफसूफ करून ने." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी सायली पार्लरमध्ये जाऊन हनुवटी लख्ख करून आली.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली तिचं तोंड इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि विचारलं, "केस कुठे आहेत?"

"कालच काढून आनले," आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसल्या. "अहो आजी, जे दाखवायचं तेच घरी ठेवून आलात! मुळासकट उपटलेल्या केसाला उजेड धरणार कुठे? आता महिनाभर दोरा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. वाढले तर वरून वस्तरा फिरवायचा."

"वस्तरा?" आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "पोरीच्या तोंडावर?" वस्तऱ्यानं केस राठ होत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळला: आधी राठ करायचे, मग पैसे घेऊन काढायचे. पण मी जेव्हा विचारलं की केस कायमचे जातील ना, तेव्हा डॉक्टरीणबाई सरळ नाही म्हणाल्या. कमी होतील, पातळ होतील, पण मूळ दुखणं हार्मोनचं आहे, काही पुन्हा येतील, अधूनमधून यावं लागेल. रंग सावळा आहे, म्हणून त्याला चालणारंच मशीन वापरू, आणि तरीही आधी कानाजवळ बोटभर जागेवर करून बघू, डाग पडला नाही तरच पुढे.

रिक्षात आत्याबाईंनी दवाखान्याची पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "बाई खरी वाटती. मालाची खोड सोताच्या तोंडानं सांगितली." आमच्या घरातल्या किंवा घराबाहेरच्या कुणालाही त्यांनी दिलेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र होतं.

तो महिना काही सरेना. सायली न्हाणीघरात वस्तरा फिरवायची आणि बाहेर आली की आत्याबाई तिला खिडकीशी नेऊन, राठ झाले का, म्हणून न्याहाळायच्या. वस्तरा फिरवला तरी संध्याकाळपर्यंत हनुवटी खरखरीत लागायची, आणि सायली अजूनच मिटत गेली. जेवायलासुद्धा ताट खोलीत न्यायला लागली. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला नाही जायचं. डाग पडला तर? ती बाई तरी खरं कशावरून सांगतेय?" मी हबकले. संशय आत्याबाईंचा, पण मुक्कामाला आला होता तो माझ्या लेकीकडे. मी समजावलं, ओरडले, शेवटी रडकुंडीला आले. आत्याबाई तोवर नवं लुगडं नेसून दारात उभ्या. "तू काय करून घेऊ नको," त्या सायलीला म्हणाल्या. "मला रस्ता वलांडता येत नाय. नुस्ती सोबत चल."

ज्या बाईनं भर बाजारात बैलजोड्या बाजूला सारून वाट काढली, तिला रस्ता ओलांडता येत नव्हता. पण सायली आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बसायला सांगितलं, तर सायली स्कार्फची गाठ घट्ट धरून उभीच राहिली. तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या आणि खुर्चीत बसल्या. "आधी माझ्यावर करा," म्हणाल्या आणि तोंडाशी धरलेला पदर त्यांनी खाली घेतला.

मी एकाच घरात इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले. एका ताटात जेवले, त्यांच्या आजारपणात त्यांना न्हाऊ घातलं. पण त्या हनुवटीवर इतके पांढरे, जाडसर केस आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. गेला महिनाभर त्या घरातही तोंडाला पदर लावून होत्या, आणि दात दुखत असेल म्हणून मी लवंग दिली होती.

"तुम्ही म्हणल्या तसं म्या बी महिनाभर चिमटा लावला नाय," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

सायली म्हणाली, "आजी, कसला चिमटा?" आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "व्हता एक," म्हणाल्या. "पोरगी व्हते तवापासून. सगळे उठायच्या आत, न्हाणीची कडी लावून."

डॉक्टरीणबाईंनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वर केली. बराच वेळ बघितलं, खरं तर बघायला एवढा वेळ लागत नसावा. "आजी, पांढऱ्या केसाला उजेड धरत नाही हो."

"ते घरच्या मशीनचं झालं. ह्या मोठ्या मशीनला बी दिसंना?"

"नाही दिसत."

म्हणजे आठवडेच्या आठवडे वेल्डिंगचा चष्मा लावून पाटावर बसणं, हातावर झोत मारून घेणं, ती परीक्षा मशीनची नव्हतीच. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. आत्याबाई मात्र शांत होत्या. "काळे व्हते तवा मशीन नव्हतं," त्या म्हणाल्या. "मशीन आलं तर काळे नायत." मग त्या खुर्चीतून उठल्या, खुर्चीची पाठ हातानं झटकली आणि सायलीला म्हणाल्या, "ज्यांचे काळे हायेत त्यांनी तरी बसावं."

सायलीनं स्कार्फ सोडला. आधी तो सोडला, मग आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग बसली. कानाजवळ जेल लावलं, डोळ्यांवर झापड बांधलं, झोत पडला. आम्हा दोघींनाही काळे चष्मे दिले होते. मी तरीही तोंड फिरवलं, आत्याबाई मात्र पुढे वाकून बघत होत्या. "जळका वास येतोय," त्यांनी बजावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केसांचा आहे, थोडा येतोच." "मग चालू हाय काम," आत्याबाई म्हणाल्या.

परतताना रिक्षावाला इंजिनाशी भांडत होता आणि त्या आवाजात आत्याबाईंनी आम्हाला सांगितलं. त्यांना बघायला पाहुणे आले होते. चहा घेऊन त्या ओसरीकडे निघाल्या, तर तिथून एक बाई म्हणत होती, पोरगी कामाची हाय, पर मिशा बापाच्या घेतल्यात. सगळे हसले. "त्या हसण्यात आपली बी माणसं व्हती," आत्याबाई म्हणाल्या. चहाचं तबक त्यांनी न सांडता ओसरीवर नेलं, कप मांडले आणि परत आत आल्या. "मंग पिशोरचं स्थळ आलं, तवा आईनं दिवेलागणीला दाखवलं मला." इतकं सांगून त्यांनी रिक्षावाल्याला दटावलं, हा रस्ता लांबचा आहे म्हणून.

त्यांच्या साऱ्या संशयाचं मूळ या एका वाक्यात आहे, असं म्हटलं तर गोष्ट सोपी होते. दूधवाला काही त्या ओसरीवर नव्हता, आणि पंचांगवाला तर नव्हताच. काही माणसं जन्मतःच पारडं उलटं करून बघतात. पण ज्याला प्रत्येक बघणाऱ्याची नजर आपल्या हनुवटीवर आहे असं जन्मभर वाटलं, त्यानं कुणावर आणि कसा विश्वास ठेवावा, हे मलाही सांगता येणार नाही.

सायलीला डाग पडला नाही. केस सगळे गेले का? नाही गेले. बरेच गेले, उरले ते पातळ झाले, काही पुन्हा येतात आणि ती अधूनमधून जाऊन येते. पण कॉलेजात तिनं तास घेऊन दाखवला तेव्हा हे सगळं अर्ध्यावरच होतं. हनुवटीवर खुंट होते, पहिल्या बाकावर मुलं होती, आणि ती प्रकाशाचं परावर्तन शिकवून आली. आता ती तिथेच शिकवते. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "अजून परमनंट नाय केली. बघू."

अलीकडे आत्याबाईंची नजर मंदावली आहे. स्वतःच्या हनुवटीवरचा पांढरा केस त्यांना आरशात दिसत नाही, बोटाला लागतो पण चिमट्यात सापडत नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सायलीला कसं कळलं, मला माहीत नाही. आता रविवारी सकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकते आणि आत्याबाईंना उन्हाकडे तोंड करून बसवते. खाली गल्ली चालू असते, समोरच्या घरातल्या बायका कपडे वाळत घालत असतात, कुणी वर बघतं, कुणी हातही करतं. पहिल्या रविवारी आत्याबाईंनी चिमटा दोनदा धुवायला लावला आणि सायलीला बजावलं, एकही ठेवू नको, अन् झालं नसलं तर झालं म्हणू नको. सायली म्हणाली, "आजी, मान वर करा." त्यांनी केली.

आता त्या काही विचारत नाहीत. भर उजेडात, पदर खांद्यावर टाकून, मान वर करून आणि डोळे मिटून बसतात.